दुपारच्या खेळातला टोनी

पुजा : आत्याबाई, खाली बसा. मागचे लोक वरडून राहिले.

जिवनबाई : वरडू दे. पुढच्या मानसाच्या फेट्याबिगर मला काही दिसंना. तीन गानी झाली, अजून ह्याचा पत्ता न्हाई. नुसतं धडाड-धडाड, अन त्या तारांचं किंचाळनं. काळीज हादरून राहिलं माझं.

पुजा : गिटार म्हणतात त्याला. आमच्या शाळेच्या गॅदरिंगला एक सर आणायचे. पण असं न्हाई वाजवायचे, गरीब वाजवायचे.

जिवनबाई : नेमसिंग खोटं बोलनार न्हाई. ह्या प्रदर्शनातल्या सर्कशीत रणजीतला बघितला म्हनला. रोज जीप घेऊन येतो हिंगोलीला.

पुजा : त्यांना भास झाला असल. दारावरच्या बोर्डावर सगळी विलायती नावं हायेत. मी वाचली. टोनी, लिसा, जॅकी. रणजीत असं कुठंच न्हाई.

जिवनबाई : बोर्ड काय, कोनी बी रंगवतं. मी माझ्या लेकराला बघायला आले, बोर्ड बघायला न्हाई. पदर नीट घे. नवं लुगडं काहून नेसवलं तुला? त्यानं बघावं म्हनून.

पुजा : गप. माईकवाला बोलून राहिला.

जिवनबाई : काय म्हनतो?

पुजा : म्हणतो, रशियाहून आलेले टोनी अन लिसा. जुन्या रॉक गाण्यावर झुल्याचा खेळ. टाळ्या वाजवा म्हणतो.

जिवनबाई : रशिया कुठंशी आलं?

पुजा : लई लांब. बर्फाकडं.

जिवनबाई : मग हे दोघं न्हाईत आपल्या कामाचे. बघ की, त्याचे केस कसे, मक्याच्या कणसाला फुटत्यात तसे. तोंड बी पांढरंफटक. आपला रणजीत काळासावळा. ह्याच्या मागून येईल बघ आपला.

पुजा : तेच हायेत.

जिवनबाई : कोन?

पुजा : शिडी चढायच्या आधी तळहात मांडीला पुसला, अन मान डावीकडं कडकन मोडली. तुमच्या विहिरीत उडी टाकायच्या आधी असंच करायचे.

जिवनबाई : मला वळखू येईना, अन चार महिने संसार केलेल्या तुला वळखू आला?

पुजा : चारच महिने होते, आत्याबाई. बघून ठेवण्यासारखं दुसरं काय होतं मला?

जिवनबाई : देवा सेवालाल... व्हय की गं. पाय टाकायची तऱ्हा तीच हाय. कुठवर चढला बघ! मी हाक मारते. रण—

पुजा : नको! वर हायेत ते. हाकेनं हात चुकला तर?

जिवनबाई : सोडला! अगं बाई, झुला सोडला त्यानं!

पुजा : धरलं. तिनं धरलं, डोळे उघडा. आता ते उलटे लटकले. ती येऊन राहिली. गिटार थांबलं बघा... अन ढोल वाजला तसं मनगट धरलं. बराबर.

जिवनबाई : त्या पोरीकडं बघून हसला.

पुजा : खेळ हाय तो.

जिवनबाई : खेळात असं बघत न्हाईत. बाजारातून घरी आलेल्या मानसावानी बघितलं त्यानं.

पुजा : लोक उभे राहून टाळ्या वाजवून राहिले. तुमी वाजवा की.

जिवनबाई : तू वाजवून राहिलीस?

पुजा : चांगलं करतात. खोटं काहून बोलू?

(खेळ सुटतो. लोक दाराकडं लोटतात तशी जिवनबाई पुजाचं मनगट धरून तंबूच्या मागं शिरते. घोड्यांच्या गवताच्या भाऱ्यावर तो सोनेरी केसांचा गडी गळ्यात टॉवेल टाकून बसलेला असतो. जवळून तोंडावरची पावडर घामानं फाटलेली दिसते, अन खालचा रंग तिच्या ओळखीचा असतो.)

रणजीत : इधर पब्लिक को मना है, बाई. फोटो गेट पे मिलता है.

जिवनबाई : रणजीत.

रणजीत : कौन रणजीत? मेरा नाम तो—

जिवनबाई : डोक्याला रंग फासला की आई बदलती का रे?

रणजीत : याडी... हळू बोल, याडी. मॅनेजर तिथं उभा हाय. नहीं साब, कोई नहीं! गाँव की औरतें हैं, फोटो का पूछ रही हैं! हाँ, भेजता हूँ!

जिवनबाई : गाँव की औरतें.

रणजीत : समजून घे. साऱ्या हिंगोलीनं रशियाचा गडी म्हणून तिकीट काढलं. गोरेगावच्या तांड्यावरचा निघाला तर खुर्च्या फेकतील. अन मला आजच्या आज हाकलतील. इथं खेळ हाय असं कळलं तवाच वाटलं होतं, कोणी तरी वळखणार. बा आला न्हाई?

जिवनबाई : त्याला तुझं तोंड बघायचं न्हाई. मला बघायचं होतं. बघितलं.

रणजीत : खेळ कसा वाटला?

जिवनबाई : ती गानी वाजत होती, त्यांचे बोल तरी कळत्यात का तुला?

रणजीत : न्हाई. गोऱ्यांच्या बापाच्या वख्ताची गाणी हायेत ती. बोलाची जरूरत न्हाई पडत. ठेका कळतो. कुठल्या ठोक्याला सोडायचं, कुठल्या ठोक्याला धरायचं.

जिवनबाई : सोडायचं बराबर कळलं तुला. सहा वर्षं झाली. गोरेगावात एसटीडी हाय, किराण्याच्या दुकानात. एक फोन केला असतास तर पोरगं पळत बोलवायला आलं असतं मला.

रणजीत : काय बोललो असतो? बानं तोंड उघडू दिलं असतं का? झाडावर चढलो तर काठी, पोहलो तर काठी. ही... पुजा हाय का ही?

पुजा : व्हय.

रणजीत : वळखू आली न्हाईस.

पुजा : तुमी आलात.

जिवनबाई : ऐक, रणजीत. इथं उभ्या-उभ्या मी भांडायला आले न्हाई. येत्या रविवारी तांड्यावर ये. नायकापुढं बस. हिला नांदवायची तर घेऊन जा, रशियाला न्हे न्हाईतर कुठं बी न्हे. न्हाई तर चारचौघांत काडी मोड अन मोकळी कर. दोनातलं एक.

रणजीत : रविवारी तीन खेळ असतात.

जिवनबाई : मग सोमवारी.

रणजीत : याडी, तुला कसं सांगू? माझ्या संगट झुल्यावर होती न, ती लिसा-फिसा कोणी न्हाई. खम्ममकडची हाय, पद्मा. लगीन केलं आमी. पोरगी हाय एक. आत निजली.

जिवनबाई : पोरगी?

रणजीत : चालती आता. बोलती बी, तेलुगू अन हिंदी. आणू का बाहेर? बघतीस?

जिवनबाई : कोनावर गेली?... न्हाई. नको. दाखवू नको मला. हिच्यासमोर नातीचे पापे घेऊ का मी?

रणजीत : मी काय मुद्दाम केलं का? माझ्या मनात घर सोडायचं हाय, हे बाला ठाऊक होतं. म्हणून तर घाईनं लगीन लावलं. पळत्या बैलाच्या गळ्यात लोढणं बांधतात, तशी हिला बांधली.

पुजा : लोढणं बैलाच्या गळ्यात राहतं. इथं बैल पळाला, अन लोढण्यानं सहा वर्षं तुमचं रान निंदलं, हळद काढली, तुमच्या बाच्या पायाला तेल चोळलं.

रणजीत : मी तुला बोललो न्हाई, पुजा. तुझी काय चूक? माझी काय चूक?

जिवनबाई : वा! कोनाचीच न्हाई.

रणजीत : याडी, एक सांगतो. तांड्यावर म्हणा, तंबूत कोणी रणजीत नव्हता. म्हणा, झुल्यावरून पडून मेला, कधीचाच. झगडाच मिटला.

जिवनबाई : मेल्या मानसाच्या बायकोचं कपाळ पुसत्यात, रणजीत. तुझ्या सोयीसाठी मी हिच्या कपाळाला हात लावू?

रणजीत : मग राहू द्या तसंच. प्रदर्शन उठलं की आमी अकोल्याला. पुढच्या साली येईन मी, चुपचाप. बघू.

पुजा : पुढच्या साली.

जिवनबाई : पुजा, खाली काय वाकलीस? घोड्याचं गवत हाय ते.

पुजा : काडी पाहिजे होती. ही बरी हाय, वाळलेली. धर.

रणजीत : काय?

पुजा : हे टोक धर, रणजीत.

रणजीत : तू मला अरे-तुरे करून राहिलीस?

पुजा : धर म्हणते न. तुझी पोरगी उठली आत. रडून राहिली. वेळ काढू नको.

जिवनबाई : असं कुठं होतं का, पोरी? पंच न्हाईत, नायक न्हाई.

पुजा : तुमी हाव न. पोटच्या लेकाच्या काडीमोडीला आई साक्षीदार, ह्याच्यावर नायक काय बोलंल? पण सांगशाल न? का फिरवशाल? माझा बा दोनदा न्यायला आला. दोन्ही वेळा तुमी म्हणल्या, थावराभाऊ, निरोप आलाय, दिवाळीला येतो पोरगा. निरोप आला नव्हता, आत्याबाई. मला ठाऊक होतं. तरी राहिले. सांगशाल?

जिवनबाई : सांगीन.

पुजा : ओढ, रणजीत. जोरानं. एवढी माणसं हातानं झेलतो अन काडी मोडंना व्हय?... हां. मोडली.

रणजीत : याडी, तू तरी काही बोल.

जिवनबाई : काय बोलू? भोंग्यावर टोनी-टोनी म्हनून कोनाला तरी बोलवून राहिले. जा.

रणजीत : परत येशील? प्रदर्शन हाय तवर? याडी?

जिवनबाई : चल, पुजा... अगं, हळू चाल. माझ्या पायात तेवढं बळ न्हाई. अन तिकडं कुठं? जीपचा थांबा ह्या अंगाला हाय. नेमसिंग खोळंबला असल.

पुजा : तुमी जावा. मी येत न्हाई. माहेरी चालले.

जिवनबाई : अंगावरच्या लुगड्यानिशी? तुझी पेटी हाय घरी. शेळी हाय तुझी, गाभण.

पुजा : पेटी बा येऊन नेईल. शेळी राहू द्या तुमाला. मामांना दूध लागतं.

जिवनबाई : मी तुला लेकीवानी ठेवली, पुजा.

पुजा : लेकीला असं ठेवत न्हाईत.

जिवनबाई : ...मला एकटीला तांड्यात शिरवंना आज. येवढा आजचा दिवस चल. सकाळी मी सोता नेऊन घालते तुला.

पुजा : सकाळी तुमचे मामंजी खोकतील, गोठ्यात बैल वरडंल, अन मी थांबंन. मला माझं ठाऊक हाय. भाकरी टोपल्यात हायेत, सांजच्याला पुरतील. मामांच्या गोळ्या फळीवर, चहाच्या डब्यामागं.

जिवनबाई : मामंजी न्हाई, नवरा हाय तो माझा. काय बोलतीस तुला तरी कळून राहिलं का?

पुजा : न्हाई. तोंडाला येतं ते बोलून राहिले. वसमतची गाडी इथूनच लागती न?

जिवनबाई : व्हय. कुरुंद्याच्या फाट्याला उतरव म्हन कंडक्टरला.

पुजा : म्हणते.

जिवनबाई : खिडकीपाशी बस. तुला गाडी लागती.