उलटं बटण, सुलटा हात

हॅलो? … हो, आईच बोलतेय. चिऊ, कामात आहेस का? … अगं ऐक ना आधी! तुझ्या बाबांचा माउस डाव्या हाताला लावून द्यायचाय… हो, आत्ताच.

आईने मान वाकडी करून फोन खांद्याशी दाबला होता. शेजारच्या खुर्चीत बाबा बसले होते. आजारपणात लुळा पडलेला उजवा हात त्यांनी मांडीवर ठेवला होता, निजलेलं मूल ठेवावं तसा.

नाही गं, स्वतः कुठे म्हणतायत! काल बेकरीवाला दुकानाच्या पाटीसाठी आला, तर त्याला म्हणाले, दुसरीकडून करून घे, मी आता अक्षरं काढत नाही. मीच मग त्याला जिन्यात गाठलं. म्हटलं, उद्या दुपारपर्यंत थांबा… हो, यांना न विचारता. म्हणून तर तुला फोन केला ना, माझे आई!

हं, सांग. माउसची सेटिंग… उघडली. आता? … बाणाचा वेग? हो, हो, कमी करते. यांनी डावा हात नुसता टेकवला, की बाण पळाला, जाऊन बसला कोपऱ्यात… केला कमी. अगं, आता तर मुंगीसारखा चाललाय! … थोडा वाढवू? … बरं. पुढे?

बटणांची अदलाबदल… हा चौकोन? केली खूण. आता 'ओके'… दाबलं. … दाबलं गं! काही होत नाही… खूण काढायला जाते, तर तीही निघेना. चिऊ, मोडला वाटतं! चांगला चालता माउस मी मारला!

हसतेस काय? … सावकाश सांग. डावं बटण उजवं झालं, उजवं डावं… मग मी दाबतेय ते कुठलं? … म्हणजे माझ्या हाताला उलटा, यांच्या हाताला सुलटा? … मग हे आधी नाही का सांगायचं, बाई!

थांब, थांब… हेच हात पुढे करतायत. अहो, पहिलं बोट टेकवा. हां… चिऊ, हे पिवळं पाकीट कसलं? … दोनदा दाबलं की उघडतं? अहो, टकटक करा, दार वाजवल्यासारखं… नाही उघडत. … दाबलं गं दोनदा, पण यांच्या दोन टकटकींत एक झोप होते! … वेग हळू करायचा? ती पट्टी कोण सरकवणार? माझं बोट तर पार गोंधळलंय…

यांनीच सरकवली.

उघडलं! … मिटलं. … पुन्हा उघडलं. … अगं, उघडझाप करत बसलेत, ओठ घट्ट मिटून. पूर्वी ब्रश धरताना मिटायचे ना, तसे.

हो, 'ओके' त्यांनीच केलं. पडद्यावर पाटीसाठी कोरं पानही उघडलं… 'बे' काढतायत. मात्रा वाकडी आली… पुसली. पुन्हा काढतायत… काय? … मला म्हणाले, सरक, उजेड अडवतेस.

नाही गं, रडत नाहीये… सरकतेय… अं? काय म्हणालात? … चिऊ, हे मला म्हणतात, फोन ठेव, तुझ्या आवाजाने रेघ हलते. आणि… अगंबाई! सगळं ऐकत होते की! … म्हणतात, बेकरीवाल्याला कळव, दुपारी नाही, संध्याकाळी ये. घाई केलीस तर पाटी मिळणार नाही.

हो, हो… ठेवते गं, डोळे वटारतायत…