बांगड्या काढाव्या लागतील

(एक्स-रेची खोली. चाकांच्या खुर्चीत साठी उलटलेली बाई, सुजलेला उजवा हात मांडीवर धरून. समोर नवी टेक्निशियन मुलगी, दारात तिचा सीनिअर.)

बाई : हिच्या हातून नको म्हणजे नको! दुसरं कुणीच उरलं नाही का या दवाखान्यात?

सीनिअर : ओरडू नका हो. बाहेर रांग जिन्यापर्यंत गेलीय. हिला काय झालंय? नवीन आहे, पण रीतसर शिकून आलेली आहे.

बाई : ते मला सांगता? त्या शिकण्यापायीच माझ्या मुलाचा संसार मोडला हिने. सून होती माझी ही!

सीनिअर : खरं की काय गं?

टेक्निशियन : होते. आता नाही. सर, यांचा एक्स-रे तुम्ही काढता का?

सीनिअर : मी? ऑपरेशन थिएटरमधून दोनदा बोलावणं आलंय. आज पहिल्यांदा मशीन एकटीच्या हाती दिलं, तर पहिल्याच पेशंटला हात टेकतेस? नातीगोती घरी ठेवून यायची. उद्या सख्खा बाप आला तर काय पळून जाशील?

टेक्निशियन : नाही सर. काढते.

बाई : हात तर लावून बघ!

टेक्निशियन : मग बसा तशाच दुखरा हात घेऊन. तुमची मर्जी. कशा पडलात?

बाई : मोरीत पाय सटकला. मनातल्या मनात उकळ्या फुटत असतील ना तुला?

टेक्निशियन : तेवढी सवड नाही मला. बोटं हलवून दाखवा, आजी.

बाई : आजी? तोंड वर करून आजी म्हणतेस मला?

टेक्निशियन : इथे सगळ्यांनाच म्हणते. ‘आई’ म्हणायची मुभा तुम्हीच काढून घेतलीत. हं, बोटं हलतायत. आता बांगड्या काढाव्या लागतील.

बाई : आली! आली बघा मूळ पदावर! हात मोडलाय माझा आणि हिचा डोळा सोन्यावर!

सीनिअर : बांगड्या सगळ्यांच्याच काढतो आम्ही. फोटोत सोनं पांढरंफट्ट येतं, खालचं हाड दिसतच नाही. पण सूज केवढी आहे! या काही निघायच्या नाहीत. कटर मागव आणि काप.

बाई : जीव गेला तरी कापू देणार नाही!

टेक्निशियन : नको सर, कापायला नको.

सीनिअर : तुला का एवढा पुळका?

टेक्निशियन : त्यांचा नाही. त्या बांगड्या माझ्या आईच्या आहेत.

बाई : होत्या! लग्नात दिल्या, घरात आल्या, घराच्या झाल्या.

टेक्निशियन : आणि मी कॉलेजात नाव घातलं त्या दिवशी माझ्या हातातून ओढून काढल्यात. मनगट सोलवटलं होतं माझं.

बाई : मग घे आज उट्टं काढून. आयती सापडलेय.

सीनिअर : ए, हे काय कोर्ट आहे? काप नाहीतर काढ, काय करायचं ते लवकर कर. मी येईपर्यंत फोटो झालेले पाहिजेत. आणि पुन्हा काढायची वेळ आली ना, तर तुझी नोकरी कशी कायम होते तेच बघतो. चाललो मी.

टेक्निशियन : हात या उशीवर ठेवा. ही पातळ पिशवी बांगड्यांखालून सारतेय. वरून जेली. गार लागेल.

बाई : अगं आई गं! मुद्दाम दाबतेस!

टेक्निशियन : अंगठा तळव्याकडे घ्या. आणखी. हवं तर शिव्या द्या, पण हात सैल सोडा.

बाई : कैदाशीण! घरभेदी! माझ्या सोन्यासारख्या पोराला...

टेक्निशियन : चालू द्या. एक निघाली.

बाई : काय सांगतेस?

टेक्निशियन : ही दुसरी. झालं.

बाई : घाल आता खिशात. आई खूश होईल तुझी.

टेक्निशियन : आई गेली. उन्हाळ्यात.

बाई : कळवलं नाहीस.

टेक्निशियन : माझा आवाज ऐकला की फोन आपटत होतात. कळवायचं कसं? डावा हात पुढे करा.

बाई : तो कशाला?

टेक्निशियन : बांगड्या घालायला. त्या हाताचा फोटो नाही काढायचा. हं, बसल्या. आता चोर म्हणायचं काम नाही. इथे तर नाहीच. माझ्या पोटापाण्याची जागा आहे ही.

बाई : ऐट तर बघा!

टेक्निशियन : उजवा तळवा पालथा ठेवा, हा उजेड पडलाय त्याच्या मधोमध. हलायचं नाही. मी काचेमागे जातेय.

बाई : टाकून चाललीस? जुनीच खोड तुझी.

टेक्निशियन : मशीन चालू असताना आत कुणी थांबत नाही. तिथून दिसता तुम्ही मला. हलू नका. ...झाला. आता हात कडेवर उभा करायचा, करंगळी खाली. हे मात्र दुखेल.

बाई : नाही जमायचं मला.

टेक्निशियन : कोपरापासून सगळा हात एकदम वळवू. भार माझ्यावर टाका. टाका म्हणतेय ना!

बाई : आवाज चढवतेस? घरात कधी चढवला नाहीस तो!

टेक्निशियन : तिथेच चढवायला हवा होता. आता अजिबात हलू नका. ...झालं.

सीनिअर : आटपलं का? बघू. हं, हाड साफ मोडलंय. फोटो दोन्ही बरे आलेत. बांगड्या कापल्यास?

टेक्निशियन : काढल्या.

सीनिअर : लगेच फुगू नकोस. बाहेर लोक माझ्या नावाने बोटं मोडतायत. बाई, प्लास्टरच्या खोलीत जायचंय. सोबत कोण आहे?

बाई : शेजारीण सोडून गेली. मुलगा येईल.

टेक्निशियन : निघालाय का?

बाई : कामात असेल. फोन उचलत नाहीये. येईल म्हटलं ना!

सीनिअर : वॉर्डबॉय कुठे उलथलाय देव जाणे. तूच ने यांना. पुढच्या दोघांचं मी बघतो.

बाई : ही नको!

टेक्निशियन : बरं. मग बसा मुलाची वाट बघत. मी पुढच्याला आत घेते.

बाई : थांब.

टेक्निशियन : बोला.

बाई : ढकल खुर्ची. पण माझ्याशी चकार शब्द बोलायचा नाही.

टेक्निशियन : नाही बोलत.

बाई : किती लांब आहे ती खोली?

टेक्निशियन : पार त्या टोकाला.

बाई : मग सावकाश ने.