शिक्का फुकट, पैसे विचारण्याचे

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील ज्येष्ठ वकील मंडळी, आमच्या समोरच्या इमारतीत बसणारे आणि आज खास वेळ काढून आलेले नोटरी महाशय, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या आमच्या नोटरी बाई, म्हणजे नात्याने माझी सख्खी मावशी, आणि सभागृहातील बंधुभगिनींनो,

"चार गोड शब्द बोल," असं मला सांगण्यात आलं आहे. मावशी आत्ताच हसायला लागली, कारण माझी गोडी तिसऱ्या शब्दाला संपते हे तिला ठाऊक आहे. तरी प्रयत्न करते.

अध्यक्ष महोदय, बाईंनी आपला दर शेवटपर्यंत उतरवला नाही, याला आपण मघाशी तत्त्वनिष्ठा म्हणालात. समोर "निम्म्या दरात, उभ्या उभ्या" अशी पाटी लागली, तेव्हा आपण याच गोष्टीला आडमुठेपणा म्हणाला होतात. असो. माणसाचं मत बदलतं, आणि हार घालायच्या दिवशी तर फारच पटकन बदलतं.

पण दर कशाचा होता, हे कोणी विचारलं का? बाईंची एक रीत होती. सही करणारा आत, बाकी सगळे बाहेर. मग तो मुलगा असो, नवरा असो, नाहीतर आपल्यासारखा मोठा वकील असो. दार आतून बंद. कागद मोठ्याने वाचायचा आणि विचारायचं, "आता तुमच्या शब्दांत सांगा, कशावर सही करताय?" उत्तर पटलं तर शिक्का. नाही पटलं तर कागद बिनशिक्क्याचाच परत, फी मात्र पूर्ण. लोक भांडायचे. मावशीचं उत्तर ठरलेलं, "शिक्का मी फुकट मारते. पैसे विचारण्याचे घेते."

सांगा बरं, यात महाग काय होतं?

आता त्या लाकूडवाल्याबद्दल. "आजच्या मंगल प्रसंगी ते नको," असं मला दोघांनी बजावलंय. म्हणूनच थोडक्यात सांगते.

लाकडाची वखार असलेला हा माणूस आपल्या विधवा काकूला घेऊन आला. मी तेव्हा नवी वकील, मावशीच्या खोलीबाहेर टेबल टाकून बसायचे. काकू आत गेली. कशावर सही करताय विचारल्यावर म्हणाली, "विजेच्या मीटरवर नाव बदलायचंय ना?" कागद होता कुलमुखत्यारपत्राचा, घर विकायचा सगळा अधिकार पुतण्याला देणारा. मावशीने ओळ न् ओळ समजावली. काकू म्हणाली, "अगं बाई, मग मी राहू कुठं?"

मावशीने दार उघडलं, काकूला माझ्या बाकावर बसवलं, कागद त्याच्या हातात दिला आणि फी मागितली.

"शिक्का नाही तर पैसे कसले?" असं म्हणत तो मावशीला ढकलत आत घुसला आणि त्याने कडी लावली.

टेबलावर शिक्का उमटवायचं लोखंडी यंत्र असायचं, उचलायला दोन हात लागावेत असं. आम्हाला बाहेर ऐकू आलं, धाड. मग पुन्हा धाड. तुमच्यापैकी कितीतरी जण त्या व्हरांड्यात होते, आठवतंय ना? आपण सगळ्यांनी काय समज करून घेतला? बाईंनी माघार घेतली, शिक्के पडतायत. कोणीतरी तर म्हणालं, "बऱ्याच प्रती दिसतायत." आणि बंद दार उघडायचं नाही ही त्या खोलीची शिस्त, म्हणून कोणी हललं नाही.

काकूने माझा हात धरला. ती म्हणाली, "पोरी, हा शिक्क्याचा आवाज नाही. हा मारण्याचा आहे. मी घरी रोज ऐकते."

दार आम्ही लाथांनी फोडलं. मावशीचा उजवा हात टेबलावर होता, आणि तो हात आहे हे ओळखायला मला वेळ लागला. त्याने यंत्र पुन्हा उचललं होतं. मी स्टूल त्याच्या डोक्यात घातलं. तो पडल्यावर आणखी एकदा घातलं. त्या दुसऱ्या फटक्याबद्दल न्यायाधीशांनी मला समज दिली होती. ती मी आदराने ऐकून घेतली आणि तिथेच सोडून आले.

आम्ही मावशीला घेऊन दवाखान्यात धावलो. तेवढ्या गोंधळात लाकूडवाल्याबरोबर आलेल्या त्याच्या भावाने काकूला दंडाला धरून फरफटत रस्त्यापलीकडे नेलं. तोच कागद. निम्म्या दरात. उभ्या उभ्या.

महाशय, पाणी घ्या. आपल्यासाठीच ठेवलंय.

पुढे त्या कागदावर घर विकून काकूला भांड्यांसकट बाहेर काढलं. ती उंबरा धरून बसली, तर तिला जिन्यावरून ढकललं. खुबा मोडला. मावशी गळ्यात हात अडकवून साक्षीला उभी राहिली, कागद रद्द झाला, घर पुन्हा काकूच्या नावावर झालं. निकाल सांगायला आम्ही वॉर्डात गेलो, तर खाटेवर दुसरीच बाई होती. मला राग येतो, मंडळी. अजून येतो, आणि तो गिळायला मी शिकले नाही.

मावशीचा हात मोडला त्याच आठवड्यात आपल्या संघटनेने तिला बोलावलं होतं. "दर उतरवा, म्हणजे असले प्रकार होणार नाहीत." प्लास्टरमधला हात टेबलावर ठेवून ती म्हणाली, "दर उतरवायचा म्हणजे विचारणं सोडायचं. तेवढं सोडून काय ते बोला." मग कित्येक महिने आम्ही दोघी रिकाम्या खुर्च्यांकडे बघत डबा खायचो. ती डाव्या हाताने घास घ्यायला शिकत होती आणि मी तिच्याशी भांडत होते. हळूहळू माणसं आली. ज्यांना घरच्यांची भीती होती ती आधी आली.

काल अध्यक्षांनी मला सांगितलं, मावशीनंतर नोटरी म्हणून तिची खोली मला मिळेल, पण दर समोरच्यांइतका ठेवायचा. उत्तर आज व्यासपीठावरून गोड शब्दांत द्यावं, ही त्यांची इच्छा. तर ऐका. दर मावशीचाच राहील. खोली दिलीत तर तिथे बसेन, नाही दिलीत तर भाड्याची बघेन, पण तिला दार असेल आणि मी ते लावीन. ज्याला मला मारायला आत यायचं असेल त्याने खुशाल यावं. मात्र घरी सांगून यावं.

आपण शांतपणे ऐकलंत, समोरच्या महाशयांनी तर फारच शांतपणे, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात चुकून कोणाला लागलं असेल, तर उदार मनाने क्षमा करावी. जे मुद्दाम लावलंय, त्याची क्षमा मी मागत नाही.