सीट वर घ्या

देशमुखांच्या गढीवरचा पहारेकरी उत्तरेश्वर धन्याच्या सायकलीत हवा भरून घ्यायला धारूरच्या बाजारात आला, तर इस्माईल मिस्त्रीच्या दुकानात एक तरणा गडी हैदराबादेहून आलेल्या नव्या सायकलवर बसून बघत होता.

“पाय टेकतेत का भुईला?” मिस्त्रीनं विचारलं.

“टेकतेत. म्हणूनच म्हणतो, सीट वर घ्या.”

“अरे, नवशिका हायस. पाय टेकले की पटकन उतरता येतंय.”

“तेच नको मला.”

“का रं?”

“गढीपुढून जाताना समद्यांनी उतरायचं अन् जोडे हातात घेऊन चालायचं. माझ्या बापाचा जलम त्यात गेला.”

“मग?”

“पाय पोचलेच न्हाईत, तर उतरायचं कसं?”

“पडशील की.”

“पडलो तर पडलो. उतरणार न्हाई.”

मिस्त्रीनं पाना उचलला. सीट वर गेली.

“साखळीला तेल देत जा. हवा कमी होऊ देऊ नको.”

“अन् घंटी?”

“लई जोरात वाजतीय.”

उत्तरेश्वरला राहवलं नाही. “कुणाचा रे तू? मी गढीवरचा हाय.”

“ठावं हाय. मघापासून तुमाला ऐकू जावं म्हणूनच बोलतोय. उद्या घंटी वाजली, की धन्याला बी बाहेर बोलवा.”