पुस्तकातलं दार

डोळ्यांच्या दवाखान्यात बाईंना थेंब घालून बजावलं होतं, बोलावेपर्यंत डोळे उघडायचे नाहीत. पण कान कोण मिटणार? शेजारी एक नवरा-बायको कुजबुजत होते.

"अहो, एक दाखवू? ओरडायचं नाही."

"हे तर आपलं दार!"

"गेल्या वर्षी फोटो काढून नेले होते ना, देशाच्या वारशावर पुस्तक करायचंय म्हणून? ते आलं. खाली लिहिलंय, 'चार पिढ्यांनी जपलेलं दार.'"

"मिट ते. आईला कळता कामा नये."

"कळलंय. म्हणाल्या, पट्टी निघाली की पहिलं तेच बघणार."

"तूच म्हणालीस, वाळवी लागलीये, लोखंडी बसवू."

"आणि आई ताईंकडे गेल्यात तोवर उरकून टाकू, हे कोण म्हणालं?"

"थांब, भंगारवाल्याचा फोन लागला. हॅलो, दादा, परवाचं आमचं दार... काय? टेबल?"

"कापलं?"

"हळू! आई आली बाहेर."

"अगंबाई, केवढं स्वच्छ दिसतंय! सूनबाई, तुझ्या कपाळावरची आठीसुद्धा. पुस्तक आणलंस?"

"घरी जाऊन बघू, आई. डोळ्यांना ताण नको."

"बरं बाबा. दारापाशी धरूनच बघते, रंग तस्साच छापलाय का ते."

मग आईची पावलं पुढे गेली, परत आली.

"चला की. उठत का नाही दोघं?"

इतक्यात बाईंना हाक आली, आता डोळे उघडा म्हणून. बाईंनी ते आणखी घट्ट मिटून घेतले.