निळी बादली

आमच्या ताईचं लग्न कसं जमलं, सांगितलं का तुम्हाला? कांदेपोहे झाले आणि मुलाच्या आईने विचारलं, “पोरीला छंद कसला?”

“पक्ष्यांचा,” म्हणत ताई थेट ऑस्ट्रेलियात पोचली. “तिकडे एका पक्ष्याचा नर काड्यांचा मांडव घालतो आणि पुढे निळ्या वस्तू मांडतो. पिसं, फुलं, बाटल्यांची झाकणं, काय वाट्टेल ते. मादी येऊन बघते. नाही आवडलं तर जाते उडून.”

आमच्या आईने कपाळाला हात लावला. मुलगा मात्र मन लावून ऐकत होता.

पुढच्या रविवारी आम्ही त्यांचं घर बघायला चिखलोलीला गेलो. बघतो तर पडदे निळे, चादर निळी, खुर्च्या निळ्या, दारात बादलीसुद्धा निळी! ताई गंभीर चेहऱ्याने सगळीकडे फिरली.

तेवढ्यात शेजारच्या काकू दारात. “अरे, पाहुणे गेले की माझ्या खुर्च्या आणि बादली दे हां. धुणं अडलंय माझं.”

मुलाचा चेहरा पडला. आई लगेच पर्स उचलून उठली.

“बस गं,” ताई म्हणाली. “तो पक्षीपण शेजाऱ्यांच्याच मांडवातून उचलून आणतो. याने निदान विचारून आणलंय.”