अकरा नंबरचं घर

कीबोर्ड जुना भक्कम की नवा, हा वाद माझ्यासमोर घालू नका, मला अजून धडधडतं. नव्वदच्या दशकात मी इस्रायलमध्ये, अश्दोदला, ॲम्ब्युलन्सच्या फोनवर बसायचे. जुन्या कीबोर्डात लोखंडी पत्रा आणि प्रत्येक बटणाखाली स्प्रिंग होती. अक्षर उमटलं की बोटाला कळायचं. ऑफिसने तो काढून रबराच्या बटणांचा, हलका दिला.

दुसऱ्याच दिवशी एका बाईचा फोन आला. नवऱ्याला श्वास घेता येत नव्हता, घर नंबर अकरा. मी एकाचं बटण दोनदा दाबलं आणि गाडी पाठवली. थोड्या वेळाने वायरलेसवर आमचा ड्रायव्हर सॅमसन, माझ्यासारखाच मूळचा ठाण्याचा, म्हणाला, "फ्लोरा आंटी, इथे कोणीच आजारी नाही!"

"कुठल्या घरात आहेस?"

"एक नंबर. तुम्हीच पाठवलंत."

स्क्रीनवर एकाचा आकडा एकदाच उमटला होता. मी वायरलेसवर ओरडले,

"अकरा! अरे, अकरा! पळ!"

मग वायरलेस गप्प. मी कपाटातला जुना कीबोर्ड ओढून काढला, जोडला आणि नुसतं अकरा, अकरा टाईप करत राहिले.

अखेर सॅमसन धापा टाकत बोलला, "आंटी, माणूस श्वास घेतोय. आता तुम्हीपण घ्या."